कोरड्या नदीत संशोधक मोजतो काय?

भूगोलात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. शुष्क प्रदेशातल्या नद्यांवर पीएच.डी. करायचं तिच्या मनात आहे. ती विचारते: ज्या नदीला वर्षातले बहुतेक महिने पाणीच नसतं, तिथे संशोधक मोजतो काय? आणि अशी नदी बदललेली दिसली, तर तो बदल हवामानामुळे झाला, माणसामुळे झाला की नदीच्या स्वभावातच होता, हे ठरवायचं कसं?

माझं सगळं काम याच नद्यांवर झालं आहे. थोडक्यात उत्तर असं: पाणी नसतं तेव्हाच या नद्या सर्वांत नीट वाचता येतात, आणि बदल दिसला की त्याला लगेच बिघाड म्हणायची घाई करायची नाही. पण हे पटायचं तर आधी या नद्या वागतात कशा ते पाहावं लागेल.

पृथ्वीवरच्या जमिनीचा सुमारे ४० टक्के भाग शुष्क प्रदेशात मोडतो. वर्षभरात पडणारा पाऊस आणि वर्षभरात उन्हावाऱ्याने उडून जाऊ शकेल इतकं पाणी, यांचं गुणोत्तर ०.६५ च्या खाली गेलं की तो प्रदेश यात धरतात. म्हणजे नामिबसारखं वाळवंट यात आलं, आणि चार महिने पाऊस पडून आठ महिने कोरडा राहणारा गवताळ मुलूखही आला. २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, लांबीने मोजलं तर जगातल्या निम्म्याहून जास्त नद्यांचा प्रवाह वर्षातून किमान एक दिवस तरी थांबतो. तरीही नदीविषयीची आपली पाठ्यपुस्तकं घडली ती प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या बारमाही नद्या पाहून.

त्यातला पहिलाच नियम घ्या: नदी जसजशी खाली जाते तसतशी मोठी होत जाते, कारण वाटेत उपनद्या मिळतात. शुष्क प्रदेशात बरेचदा याच्या उलट घडतं. पाऊस डोंगरात पडतो, लोंढा खाली येतो आणि पात्रातली कोरडी वाळू तो पीत जाते. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावाजवळ वॉलनट गल्च नावाचं सुमारे १५० चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५० च्या दशकापासून तिथे पाऊस आणि पूर मोजण्याचं जाळं उभं केलं. वरच्या केंद्रावर जोरदार पुराची नोंद व्हावी आणि खालच्या केंद्रापर्यंत त्यातला थोडाच भाग पोचावा, हे तिथे नेहमीचंच. ऑस्ट्रेलियातल्या कूपर क्रीकवर तर करारेवा आणि नापा मेरी या दोन मापनकेंद्रांच्या दरम्यान पुराचं सरासरी तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी वाटेतच जातं. जातं म्हणजे वाया जात नाही. काही भूजलात उतरतं, काही डोहांत साठतं, काही पूरमैदानावर पसरून उडून जातं. नामिबियातल्या कुईसेब नदीच्या काठी भर वाळवंटात मोठी झाडं उभी आहेत ती या झिरपलेल्या पाण्यावरच.

काही नद्या तर समुद्रापर्यंतच काय, एखाद्या सरोवरापर्यंतही पोचत नाहीत. मध्य ऑस्ट्रेलियाच्या सपाट मैदानांवर पात्र हळूहळू अरुंद आणि उथळ होत जातं, काठ विरत जातात, आणि शेवटी गाळाचा एक रुंद, जवळपास सपाट पट्टा तेवढा उरतो. मोठा पूर आला की पाणी त्या पट्ट्यावर चादरीसारखं पसरतं आणि थांबतं. आफ्रिकेतल्या ओकावांगो नदीची गोष्ट आणखी निराळी. अंगोलाच्या डोंगराळ भागातला पाऊस कित्येक महिन्यांनी बोत्स्वानात पोचतो, म्हणजे तिथे पूर येतो तो ऐन कोरड्या ऋतूत, आणि त्यातलं जवळजवळ सगळं पाणी कालाहारीतल्या त्या त्रिभुज प्रदेशातूनच हवेत जातं. अशा नद्यांना अपुऱ्या किंवा तुटलेल्या म्हणणं मला मुळीच पटत नाही. त्यांचा शेवट हाच त्यांच्या प्रदेशाचा सर्वांत जिवंत भाग असतो.

आता गाळ. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण कोरड्या पात्रात उभं राहून मोजायचं ते मुख्यतः हेच. बारमाही नदीच्या तळाशी मोठ्या गोट्यांचा एक थर तयार होतो आणि तो खालच्या बारीक गाळाला झाकून ठेवतो. कारण नेहमीचा प्रवाह बारीक कण उचलून नेतो आणि जड गोटे मागे ठेवतो. अचानक पूर येणाऱ्या नद्यांत हे आवरण नीट तयारच होत नाही. पूर झपाट्याने ओसरतो, शिवाय उघड्या-बोडक्या उतारांवरून नवा गाळ सतत येत राहतो. इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या नाहल यातीर या ओढ्यात जोनाथन लॅरोन आणि इयन रीड यांनी पुराच्या वेळी तळावरून सरकणारा गाळ प्रत्यक्ष मोजला. १९९३ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की, दमट प्रदेशातल्या बारमाही नद्यांच्या तुलनेत अशी नदी भरड गाळ वाहून नेण्यात सरासरी ४०० पट कार्यक्षम असते. वर्षातून काही तासच वाहणारी नदी एवढं काम करते. धरण किंवा पूल बांधणाऱ्याने हा आकडा कधीही विसरू नये.

दुसरं उदाहरण कूपर क्रीकचंच. तिथलं पूरमैदान काही ठिकाणी ६० किलोमीटरपर्यंत रुंद आहे आणि ते चिकणमातीचं आहे. पाठ्यपुस्तक सांगतं की चिकणमाती म्हणजे संथ पाण्यात सावकाश बसलेला गाळ. मग त्या मातीत वाळूच्या नदीसारख्या, एकमेकींत गुंतलेल्या प्रवाहांच्या खुणा कशा? जेराल्ड नॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याचा उलगडा केला. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि या फुगण्या-आकसण्यातून तिचे वाळूच्या कणाएवढे घट्ट गोळे बनतात. पुराच्या पाण्यात हे गोळे लगेच विरघळत नाहीत. ते वाळूसारखेच तळावरून घरंगळत जातात. मूठभर माती हातात घेऊन बोटांनी हलकेच चोळली तर हे गोळे स्पष्ट जाणवतात. तोच नमुना प्रयोगशाळेत नेऊन, रसायन घालून, पाण्यात घोळून सुटा केला की गोळे मोडतात आणि अहवालात शेरा येतो: ‘चिकणमाती, संथ प्रवाह’. नमुना तोच, पण निष्कर्ष पार उलटा. म्हणून माझा आग्रह असतो की गाळाचं वर्णन आधी पात्रात बसून, डोळ्यांनी आणि बोटांनी करावं, यंत्रात घालण्यापूर्वी.

आता बदलाकडे वळू.

दमट प्रदेशातली नदी एखाद्या मोठ्या पुराने विस्कटली तर पुढच्या काही वर्षांतल्या मध्यम प्रवाहांनी आणि काठावरच्या झाडोऱ्याने ती सहसा पूर्वपदावर येते. एम. गॉर्डन वोल्मन आणि रॅन गेर्सन यांनी १९७८ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता: पुराची ताकद एकट्याने काही ठरवत नाही, त्यानंतर सावरायला किती काळ लागतो तेही तितकंच महत्त्वाचं. शुष्क प्रदेशात सावरण्याचा काळ दोन मोठ्या पुरांमधल्या अंतरापेक्षा जास्त असू शकतो. मग नदीची ‘नेहमीची’ रुंदी अशी काही उरतच नाही. आपल्याला दिसतं ते शेवटच्या मोठ्या पुराने केलेलं आणि त्यानंतर अर्धवट भरून आलेलं पात्र.

अ‍ॅरिझोनातल्या गिला नदीचं उदाहरण मी सतत देतो. सॅफर्ड खोऱ्यात या नदीची सरासरी रुंदी १९०३ मध्ये ९० मीटरच्या आसपास होती. १९०५ ते १९१७ दरम्यान एकामागून एक मोठे पूर आले आणि ती रुंदी सुमारे ६०० मीटरवर गेली. पुढच्या जवळपास पन्नास वर्षांत पूरमैदान पुन्हा बांधलं गेलं आणि पात्र अरुंद झालं. आता समजा तुम्ही १९२० पासून १९६० पर्यंतची छायाचित्रं आणि नकाशे पाहिले. तुम्ही म्हणाल, नदी आक्रसते आहे, पाणी कमी झालं असावं. १९०० ते १९२० पाहिलं तर म्हणाल, काठ ढासळताहेत, पाणलोट बिघडलं आहे. दोन्ही निरीक्षणं खरी आहेत, आणि दोन्ही एकाच लांबलचक फेऱ्याचे तुकडे आहेत.

त्याच मुलखात एक जुना वाद आहे. नदीवर काम करायचं असेल तर तो प्रत्येकाने अभ्यासलाच पाहिजे असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या नैऋत्येत अनेक सपाट, गवताळ दऱ्यांच्या तळांत अचानक खोल, उभ्या काठांच्या घळी पडल्या. लोकांनी गुरांकडे बोट दाखवलं, कारण रेल्वे आली तशी गुरांची संख्या प्रचंड वाढली होती. टुसॉनजवळच्या सांताक्रूझ नदीत तर माणसाचा हात सरळ दिसतो: सिंचनासाठी खणलेल्या चराच्या तोंडापासून १८९० च्या पुरांत घळ वरच्या दिशेने सरकत गेली. पण भूवैज्ञानिक कर्क ब्रायन यांना न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यन या दरीत गाळाने पूर्ण भरून गेलेली एक जुनी घळ सापडली. ती युरोपीय गुरं तिथे येण्याच्या कितीतरी आधीची होती, कारण तिच्या गाळात प्युब्लो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या खापऱ्या होत्या. म्हणजे घळ पडणं आणि भरणं गुरांशिवायही झालं होतं. १९५१ मध्ये ल्यूना लिओपोल्ड यांनी न्यू मेक्सिकोतल्याच सांता फे शहराच्या पावसाच्या नोंदी तपासून दाखवलं की त्या काळात हलका पाऊस कमी आणि जोराचा पाऊस जास्त होता. हलका पाऊस गवत जगवतो, जोराचा जमीन कापतो. पुढे स्टॅनली शूम यांनी तिसरीच शक्यता पुढे आणली. गाळ साचत साचत दरीचा तळ इतका चढा होतो की एका टप्प्यावर तो स्वतःहूनच कापला जातो. बाहेरून काहीही बदलायची गरज नसते. म्हणूनच शेजारच्या दोन दऱ्यांपैकी एक कापली जाते आणि दुसरी आणखी काही दशकं शाबूत राहते.

यातलं खरं कोणतं? माझ्या मते प्रश्नच असा विचारू नये. चर खणला नसता तर सांताक्रूझची घळ त्या जागी, त्या वर्षी पडली नसती, हे जवळपास नक्की. पण तळ आधीच कापला जायच्या बेतात नसता, तर एका चराने एवढं झालं नसतं. कारणं एकमेकांवर रचलेली असतात, आणि संशोधकाचं काम ती एकेक करून वेगळी करणं हे आहे.

याचा व्यवहाराशी थेट संबंध कसा येतो ते दक्षिण आफ्रिकेतल्या क्लिप नदीवरून कळतं. फ्री स्टेट प्रांताच्या पूर्व भागात ही नदी मऊ वालुकाश्मातून वाहते आणि मध्येच डोलेराइट या कठीण खडकाचा अडसर लागतो. अडसर झिजत नाही तोवर नदीला खाली कापता येत नाही, म्हणून ती वरच्या बाजूला आडवी पसरते, वळणं घेते, वालुकाश्म सपाट करते आणि पाणथळ प्रदेश तयार होतो. स्टीफन टूथ, टेरेन्स मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे सविस्तर मांडलं. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा: कधीतरी डोलेराइट कापला जातो, नदी झपाट्याने खाली उतरते, आणि वरची पाणथळ जागा घळींनी पोखरली जाऊन कोरडी पडते. ही दुरवस्था माणसाची असेलच असं नाही. पाणथळ जागांच्या आयुष्यातला तो एक टप्पाही असू शकतो. दक्षिण आफ्रिकेत घळी रोखण्यासाठी जाळीतल्या दगडांचे आणि काँक्रीटचे बांध घालण्याचं मोठं सरकारी काम चालतं. मी त्याच्या विरोधात नाही. अतिचराई किंवा चुकीच्या जागी काढलेल्या रस्त्यामुळे पडलेली घळ जरूर रोखावी. पण खालचा खडकच कापला गेला असेल तर बांध फार तर काही वर्षं टिकेल, आणि तोच पैसा शेजारच्या, अजून वाचवता येईल अशा जागेवर खर्च झालेला बरा. हे ठरवायला त्या घळीचं वय माहीत हवं.

वय काढायची आमची मुख्य पद्धत म्हणजे ओएसएल, प्रकाशाच्या साहाय्याने केलेलं कालमापन. वाळूतल्या क्वार्ट्‌झच्या कणावर ऊन पडलं की त्यात साठलेली ऊर्जा रिकामी होते. कण गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्सारामुळे ती पुन्हा साठू लागते. किती साठली आणि दरवर्षी किती साठते, या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे कण शेवटचा उजेडात होता त्याला झालेली वर्षं. काही दशकांपासून लाखभर वर्षांपर्यंतचा गाळ यात बसतो. ज्या प्रदेशात कोळसा आणि लाकूड क्वचितच टिकतं, तिथे या पद्धतीने सगळं चित्र बदललं.

नमुना घेताना नदीच्या उभ्या काठाचा आधी हातभर आतपर्यंतचा भाग खरवडून ताजी बाजू उघडी करायची. थर नीट ओळखायचा: तिरप्या रेषा कुठे, मुळांची भोकं कुठे, वाळवीने माती वरखाली केलेली नाही ना. मग अपारदर्शक नळी थरात आडवी ठोकायची, बाहेर काढताच दोन्ही तोंडं काळ्या प्लॅस्टिकने बंद करायची. प्रयोगशाळेत ती मंद लालसर उजेडात उघडतात आणि दोन्ही टोकांची, उजेड लागलेली वाळू बाजूला काढतात. सगळं नीट केलं तरी एक अडचण उरतेच. पूर गढूळ असतो, कधी रात्रीचा येतो, त्यामुळे सगळेच कण उन्हात पुरते रिकामे झालेले नसतात. अशा थराचं वय खऱ्यापेक्षा जास्त येतं. म्हणून हल्ली कण एकेक करून मोजतात आणि ज्यांची घड्याळं खरोखर शून्यावर आली होती तेवढेच धरतात. काम किचकट आहे, पण याला पर्याय नाही.

या पद्धतीने आपल्याकडच्या, राजस्थानातल्या थर वाळवंटातही मोलाचं काम झालं आहे. विश्वास काळे, अशोक सिंघवी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये लूणी नदीच्या प्राचीन पुरांचा कालक्रम प्रसिद्ध केला. पूर चढतो तेव्हा आडोशाच्या जागी पाणी संथ होतं आणि बारीक वाळूचा थर उंचावर बसतो. प्रत्येक थर म्हणजे पाणी किमान इथवर चढलं होतं याचा पुरावा. लूणीवर जुलै १९७९ मध्ये भयानक पूर आला होता. मापनकेंद्रांच्या नोंदी काही दशकांच्याच असतात, त्यामुळे असा पूर किती वर्षांनी येतो हे त्यांवरून सांगता येत नाही. थर मात्र शेकडो वर्षं मागे नेतात. भारताच्या वायव्येकडून पाकिस्तानात जाणाऱ्या घग्गर-हाक्रा या कोरड्या पात्राचंही तसंच. २०१७ मध्ये आयआयटी कानपूर आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी गाळाच्या वयांवरून असं मांडलं की सतलज तिथून सुमारे ८००० वर्षांपूर्वीच निघून गेली होती, आणि कालीबंगनसारखी सिंधू संस्कृतीची नगरं तिने सोडलेल्या दरीत नंतर बहरली. २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने, तिथला बारमाही प्रवाह त्यानंतरही बराच काळ टिकला होता, असं मत मांडलं. वाद चालू आहे. पण तो आता आख्यायिकांवर न चालता वाळूच्या कणांवर चालतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

हे सगळं इतकं आग्रहाने सांगतो आहे कारण कोरडं पात्र माणसाला फसवतं. लिबियातल्या डेर्ना शहराच्या मधोमध वादी डेर्ना ही एरवी कोरडी नदी जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळाचा पाऊस आला, वरची दोन धरणं फुटली आणि एका रात्रीत हजारो माणसं गेली. ती धरणं पूर अडवण्यासाठीच बांधली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनच्या वालेन्सिया प्रांतात पोयो नावाच्या एरवी कोरड्या ओढ्याला पूर आला. त्या दिवसाच्या पुरांत प्रांतात दोनशेहून अधिक माणसं मेली. दोन्हीकडे पात्र कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पूर पूर्वी कुठवर चढला होता हे ठरवण्याचं शास्त्रही उपलब्ध आहे. ते ज्ञान नगररचनेच्या नकाशावर आणणं हे आमच्या पिढीचं अर्धवट राहिलेलं काम आहे, आणि तुमच्या पिढीने ते हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या पीएच.डी.बद्दल. आधी नदी निवडू नका, प्रश्न निवडा. मग त्याचं उत्तर जिच्या काठात दिसू शकेल अशी नदी शोधा. उघडा, ताजा कापलेला काठ जिथे नाही तिथे थर दिसणार नाहीत आणि कालमापनही होणार नाही. घरबसल्या सुरुवात करता येते: लँडसॅटची उपग्रहचित्रं १९७२ पासूनची आहेत आणि मोफत मिळतात. अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांची १९६० च्या दशकातली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली, त्यांत कितीतरी पात्रं धरणं होण्यापूर्वीच्या रूपात दिसतात. प्रत्येक चित्रावर पात्राची रुंदी मोजा आणि शेजारच्या रकान्यात त्याआधीच्या शेवटच्या मोठ्या पुराची तारीख लिहा. हा दुसरा रकाना बहुतेक प्रबंधांत नसतो, आणि त्याच्याशिवाय पहिल्याचा काहीच अर्थ लागत नाही. काठावर राहणाऱ्या वयस्कर माणसांना आणि मेंढपाळांना पाणी कुठवर चढलं होतं ते विचारा, त्यांनी दाखवलेली जागा मोजून ठेवा. पावसाचं प्रमाण, गुरांची संख्या, पाण्याचा उपसा, वाळूउपसा यांच्या नोंदी ज्या वर्षापासून मिळतात त्या वर्षापासून लावा. हे सगळं एका कागदावर मांडल्यानंतरच काठ कुठे खरवडायचा आणि नळी कोणत्या थरात ठोकायची ते ठरवा, कारण एकेका नमुन्याच्या कालमापनाला खर्च येतो, निकाल यायला महिनोन्‌महिने लागतात, आणि पुढच्या पुरात तो काठ तिथे असेलच याची खात्री नसते.